कुठल्याच दुकानात न मिळालेलं पुस्तक

नसीमताई,

तुमची बातमी आली तेव्हा मी मानेसरला ऑफिसात होते. सना फोनवर "मृणालमावशी, अम्मी..." एवढंच म्हणाली आणि पुढचं मला कळलं. मी उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि निघायला हवं म्हणून सांगितलं. साहेब भला माणूस आहे. "रिश्तेदार थीं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. आता काय सांगावं ते सुचेना, आणि तोंडातून निघून गेलं, "नहीं सर, हम साथ में पढ़ते थे."

"अच्छा, क्लासमेट," ते म्हणाले, आणि लगेच कंपनीच्या गाडीची सोय केली.

मी त्यांना दुरुस्त केलं नाही. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की मराठीत हा घोटाळा झालाच नसता. आपण एकत्र शिकलो नव्हतो, एकत्र वाचत होतो. आणि हेही लक्षात आलं की हा किस्सा ज्यांना सगळ्यांत आधी सांगावा त्या तुम्हीच होतात. तुम्ही खुर्चीत मागे रेलून हसला असतात, आणि मग 'पढ़ना' बरं की 'वाचणं', यावर चहा गार होईपर्यंत बोलत राहिला असतात. टोलनाक्यावरच्या गर्दीत गाडी अडकली होती. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत होता. मी रडत होते आणि मला हसूही येत होतं.

आर. के. पुरमला पोचले तेव्हा जिन्यात चपलांचा ढीग होता. बायका आतल्या खोलीत, पुरुष बाहेर, झाडाखाली. सकाळचा चहा हातात यायच्या आधीच तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या गेलात, असं सनानं सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या पिल्लई आंटी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. तुम्हाला बाहेर नेलं तेव्हा आम्ही बायका बाल्कनीत उभ्या राहिलो. पुरुषांमध्ये आपल्या रविवारच्या बैठकीतले फ्रान्सिसकाका होते. त्यांनी डोक्याला खिशातला रुमाल बांधला होता. तो सारखा घसरत होता आणि ते एका हातानं रुमाल धरून, दुसऱ्या हातानं खांदा द्यायला धडपडत होते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "फ्रान्सिस, एक काहीतरी धर."

बाकीचं सगळं, म्हणजे मिरजेचा जन्म, केंद्र सरकारातली नोकरी, पदं आणि बदल्या, ते ज्याला लिहायचं त्यानं लिहावं. मला त्यातलं नीट ठाऊकही नाही. तुम्ही कुठल्या वर्षी काय वाचत होतात ते मात्र मी सांगू शकते.

आपण भेटलो त्या दिवशी वाचत मी होते. दिल्लीत येऊन मला फार दिवस झाले नव्हते. नवऱ्याची नोकरी गुरगावात, माझी मानेसरला, दिवसभर हिंदी आणि इंग्रजी, आणि रविवार आला की पुण्याची आठवण. थालीपीठ मिळतं म्हणून कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये आले होते. एकटीच, म्हणून पुस्तक उघडून बसले. समोरच्या टेबलावर एक बाई मान अशी तिरकी करून बसल्या होत्या की मला वाटलं, यांची मान आखडली आहे. मी विचारलंसुद्धा, "तुम्हाला काही त्रास होतोय का?"

"हो," तुम्ही म्हणालात. "तुम्ही पुस्तक इतकं आडवं धरलंय की पाठीवरचं नाव वाचता येईना. कुठपर्यंत आलात?"

पुस्तक कसं आहे हे तुम्ही कधीच कुणाला विचारलं नाहीत. कुठपर्यंत आलात, एवढंच. मी म्हणाले, त्याच्या बहिणीचं लग्न मोडतं तिथपर्यंत. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. "अरेरे. म्हणजे अजून सगळं व्हायचंय. मला हेवा वाटतो तुमचा." आणि आपलं ताट उचलून माझ्या टेबलावर आलात. तुमचा 'तुम्ही' थालीपीठ संपायच्या आत 'तू'वर आला. माझा मात्र शेवटपर्यंत आला नाही. तुम्ही किती वेळा म्हणालात, "अहोजाहो सोड, मला ऑफिसात असल्यासारखं वाटतं." माझी जीभ वळली नाही, ताई. अजूनही वळत नाही.

महिन्यातून एका रविवारी तुमच्या त्या क्वार्टरमध्ये जमायला लागलो. आधी ते तुमच्या नावावर होतं. तुम्ही निवृत्त झालात तोवर सनाही सरकारी नोकरीत लागली होती, म्हणून त्याच सेक्टरमध्ये तुमचं बस्तान राहिलं. कधी मोजकी माणसं यायची, कधी खुर्च्या कमी पडून दिवाणावर दाटीवाटी व्हायची. अध्यक्ष नाही, विषय नाही. प्रत्येकानं एवढंच सांगायचं की सध्या काय वाचतोय आणि कुठपर्यंत आलोय. फ्रान्सिसकाका मूळचे वसईचे, बायको गेल्यावर मुलाकडे द्वारकेला राहायला आलेले. ते एका वेळी इतकी पुस्तकं वाचायचे की एका कादंबरीतला खुनी त्यांना दुसऱ्या कादंबरीत सापडायचा. तुम्ही त्यांना टोकायचा नाहीत. "चालू दे," म्हणायचात, "दोन्ही लेखकांना सुचलं नसतं असं आहे हे."

तुम्ही पुस्तकाचं नाव मात्र सांगायचा नाहीत. 'विहिरीवाली', 'दोन भावांची', 'ती नर्स' अशी तुमची तुम्ही ठेवलेली नावं. कुणी खरं नाव विचारलं तर म्हणायचात, "नाव सांगितलं की लोक नाव घेऊन घरी जातात आणि पुस्तक इथंच राहतं. आधी ऐका, मग शोधा."

आणि सुचवायचं तर मुळीच नाही. तिथे आपलं कायम वाजायचं. मला एखादं पुस्तक आवडलं की मी ऑफिसात, लिफ्टमध्ये, भिशीत, दिसेल त्याला 'हे वाचाच' म्हणून सांगत सुटते. तुम्हाला ते पटायचं नाही.

"पुस्तक सुचवणं म्हणजे स्थळ सुचवण्यासारखं आहे, मृणाल. जमलं तर ते त्यांचं नशीब, बिघडलं तर शिव्या तुला."

"मग लोकांना चांगली पुस्तकं कळणार कशी?"

"तू मन लावून वाचत बस. मान तिरकी करणारी माणसं येतात आपोआप."

"सगळ्यांच्या माना तुमच्यासारख्या नसतात, ताई."

"बिल्कुल नसतात. त्यांना नको मग."

मी तरीही तुमच्या दिवाणावर पुस्तकं ठेवून यायचे. तुम्ही तोंड फिरवायचात. महिनोन् महिने ती तिथेच पडलेली दिसायची. एकदा त्यातलं एक परत आणलं आणि घरी येऊन उघडलं, तर शेवटच्या प्रकरणात तुमची केसातली पिन. मी काही बोलले नाही. पिन मात्र परत दिली नाही. इतकी खूण मला पुरेशी होती.

चंद्राक्का आपल्याकडे आली त्या हिवाळ्याबद्दल मला लिहायचं आहे. धुकं इतकं होतं की फ्रान्सिसकाका मेट्रो स्टेशनवरून चालत येताना दोनदा भलत्याच ब्लॉकमध्ये शिरले होते. हीटरभोवती सगळे बसलो होतो. तुमची पाळी आली. तुम्ही शाल सारखी केलीत आणि म्हणालात, "मी सध्या नाववाली वाचतेय."

कृष्णेकाठच्या एका खेड्यातली गोष्ट. चंद्राक्काचा बाप नाव चालवायचा. तो गेल्यावर वल्हं हिच्या हातात आलं. गावानं आधी नाकं मुरडली, मग मुकाट्यानं नावेत बसायला लागलं. एके दिवशी ती एका नवरीला सासरी पोचवायला निघाली. वऱ्हाड आधीच्या खेपेनं गेलेलं, नावेत नवरी आणि तिची म्हातारी आत्या. आत्याला डुलकी लागलेली. ऐन पात्रात नवरी हळूच म्हणाली, "आक्का, मागं फिरव." चंद्राक्कानं वल्हं थांबवलं.

तुम्ही थांबलात. आम्ही सगळे पुढे वाकलो होतो.

"मग?"

"इथपर्यंतच आलेय," तुम्ही म्हणालात, आणि सनाला चहा टाकायला सांगितलंत.

पुढच्या महिन्यात आम्हाला स्वतःची पुस्तकं सांगायची शुद्ध नव्हती. तुम्ही सांगितलंत की वाहत्या पाण्यात नाव एका जागी धरून ठेवणं हे वल्हवण्यापेक्षा अवघड असतं. दंड भरून येतात. चंद्राक्कानं ना मागे नेली, ना पुढे. तिनं फक्त नाव धरून ठेवली आणि नवरीला रडू दिलं. नवरी रडून मोकळी झाली, पाण्यात हात घालून तोंड धुतलं आणि म्हणाली, "चल आता." पोर सासरी गेली, नांदली. पण त्या दिवसापासून गावातली प्रत्येक बाई अडचणीत सापडली की नदीवर यायला लागली. पलीकडे काम नसलं तरी. मग एक दिवस सरकारी माणसं आली, काठावर खुंट्या ठोकल्या, आणि कळलं की पूल होणार आहे.

फ्रान्सिसकाकांना राहवेना. त्यांनी नेटवर शोधलं. पुण्यातल्या दुकानांना फोन लावले. वसईच्या भाच्याला ग्रंथालयात पिटाळलं. नदी, नाव, नावाडीण, पूल, सगळे शब्द घालून पाहिले. कुठेच पत्ता लागेना. वसंत यायच्या सुमाराच्या त्या रविवारी ते आले तेच म्हणत, "नसीम, आज मला पुस्तक दाखव. प्रकाशक बघतो फक्त."

"आत आहे कुठेतरी."

"मी आणते ना अम्मी," सना उठली. "कोणत्या शेल्फवर?"

सना दारात उभी राहिली.

"नाहीये ते," तुम्ही म्हणालात.

"हरवलं?"

"नव्हतंच."

पंखा त्या वर्षी पहिल्यांदा लावला होता. त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. तुम्ही सगळ्यांकडे बघत होतात, पण नजर कुणाच्याच तोंडावर नव्हती. मग तुम्ही सांगितलंत. दिवाळीपासून अक्षर दिसत नव्हतं. जिकडे बघाल तिकडे मधोमध काळा डाग, आणि कडेचं तेवढं दिसतं. "माणसांचे कान दिसतात मला," तुम्ही म्हणालात. "चेहरा नाही दिसत."

"पण अम्मी, तू तर म्हणालीस इंजेक्शननं फरक पडला!"

"पडला नाही."

"मग सांगायचं ना!" सना हिंदीवर गेली, रडायला लागली की ती हिंदीवर जाते. "बताया क्यों नहीं?"

तुम्ही तिला मराठीतच उत्तर दिलंत. आम्हा सगळ्यांनाच ते होतं. "तुम्ही सगळे येता. काय वाचताय ते सांगता. माझी पाळी आली की मी काय सांगू? डोळ्यांचं सांगू? मग तुम्ही माझी पाळी गाळली असतीत. हळूहळू, अगदी प्रेमानं गाळली असतीत."

ते खरं होतं.

फ्रान्सिसकाका उठले. "मी सगळ्या पुण्यात फोन केले, नसीम. लोक हसले मला." आणि चहा न घेता निघून गेले. तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा मला म्हाताऱ्या दिसलात.

तो महिना मला फार जड गेला. मी दर दोन दिवसांनी फोन करत होते आणि तुम्ही दर वेळी विचारत होतात, "फ्रान्सिसचा काही फोन?" पुढचा रविवार आला. ऊन चढलं होतं. आम्ही मोजकेच जमलो होतो, कुणाला सुरुवात करावीशी वाटत नव्हती. बेल वाजली. दारात काका. बूटसुद्धा काढले नाहीत, तिथूनच म्हणाले, "पुलाचं काय झालं?"

तुमचा चेहरा तेव्हा कसा झाला हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मी सांगते. तुमच्या त्या क्वार्टरमध्ये दुपारी ऊन कधीच येत नाही, आणि तरी आलं होतं.

त्यानंतर आम्ही तुम्हाला वाचून दाखवायला लागलो. बुधवारी काका यायचे आणि तीन पुस्तकांतलं एकेक पान वाचायचे. मी सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसले की फोन लावायचे. मागच्या सीटवरच्या लोकांना वाटायचं, मॅडम रोज घरी भांडतात. बस गचका खायची, ओळ सुटायची, तुम्ही लगेच म्हणायचात, "आधीची परत. क्रियापद खाल्लंस."

पण खरं वाचलं ते सनानं. हे मी तिच्यासमोर म्हणत नाही, ती लाजते. दिल्लीत जन्मलेली पोर. देवनागरी येते ती हिंदीची. पूर्वी ती आपल्या बैठकीत ट्रे ठेवून आत पळायची, "मराठी किताबें मेरे बस की नहीं, मावशी," म्हणून. आता रोज संध्याकाळी ऑफिसातून आली की तुमच्या पायाशी वेताचा बुटका मोढा घेऊन बसायची. तिचा 'ळ' अडखळायचा. चहातला 'च' आणि चोरातला 'च' तिला एकच वाटायचा. तुम्ही एकेक शब्द तिच्याकडून घासून घ्यायचात. एकदा मी तिथेच होते.

"अम्मी, हे 'हुरहूर' काय असतं?"

तुम्ही जरा विचार केलात. "तुझे अब्बा टूरवर गेले की संध्याकाळी मला जे व्हायचं, ते."

"मिस करणं?"

"नाही. मिस करणं सरळ असतं. हुरहूर म्हणजे ते येणार आहेत हे माहीत असूनही होतं ते."

सनानं बोट ओळीच्या सुरुवातीला नेलं. मग तिनं ते वाक्य परत वाचलं, आणि या वेळी त्यात जीव होता.

मी मात्र तुमच्या मागे लागले होते की चंद्राक्का लिहून काढा. तुम्ही सांगा, मी टाइप करते. रेकॉर्ड करू. छापू. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि विषय बदलायचात. शेवटी एकदा फोनवर चिडलात.

"मी वाचणारी बाई आहे, मृणाल. जन्मभर तेच केलं. आता डोळे गेले म्हणून लेखक होऊ?"

"पण हे तुमच्याबरोबर..." मी थांबले.

"जाईल. म्हण ना. जाऊ दे की."

"असं कसं जाऊ दे? इतकी चांगली गोष्ट आहे. लोकांनी वाचायला नको?"

"झालं तुझं सुरू. आता माझंच पुस्तक तू लोकांना सुचवणार." मग जरा मऊ होऊन म्हणालात, "हे बघ, लिहिलं की तुम्ही वाचाल आणि कपाटात ठेवाल. मग कोण मला दारातून विचारणार पुढं काय झालं म्हणून?"

यावर मला उत्तर होतं, ताई. बरीच उत्तरं होती. बस फॅक्टरीच्या गेटातून आत शिरली, मला उतरावं लागलं, मी म्हणाले संध्याकाळी बोलते. संध्याकाळी बोललो ते आंब्यांबद्दल. मिरजेहून पेटी आली होती आणि अर्धे आंबे डागाळलेले निघाले होते. भांडण तसंच राहिलं. मला वाटलं, आपल्याकडे वेळ आहे.

शेवट तुम्ही मला त्याआधीच सांगितला होतात. डोळ्यांच्या दवाखान्यात, थेंब घालून तुम्हाला बाकावर बसवलं होतं तेव्हा. सनाला सुट्टी नव्हती म्हणून मी आले होते. तुमचे डोळे मिटलेले, गालावरून औषध ओघळत होतं, आणि तुम्ही माझा हात चाचपून धरलात. पूल झाल्यावर चंद्राक्कानं काय केलं ते हळू आवाजात सांगितलंत. मी ऐकलं आणि नर्सनं तुमचं नाव पुकारलं तरी मला उठवेना. मी तेव्हा नोकरी सोडावी की नाही या घोळात होते. ते मी तुम्हालाच काय, घरीसुद्धा धड सांगितलं नव्हतं.

"कुणाला सांगू नको," तुम्ही बजावलंत. "शेवट आधी कळला की लोक मधलं ऐकत नाहीत."

मी नाही सांगितला. नवऱ्यालाही नाही. बैठकीत तुम्ही पुलाचे खांब हळूहळू वर आणत होतात, काका तळमळत होते, आणि मला एकटीला सगळं माहीत आहे याचा मला गर्व वाटत होता. लहान मुलासारखा.

तुम्ही गेल्यानंतरचा जमायचा रविवार आला. जमावं की नाही यावर फोन झाले. सना म्हणाली, "या ना. मला घर फार शांत वाटतंय." बाकीच्यांना अवघड वाटलं, ते आले नाहीत. मी आणि काका तेवढे गेलो. सनानं तुमच्या खुर्चीवर शाल घातली नव्हती की फोटो ठेवला नव्हता. तिथे धुतलेल्या कपड्यांची रास होती. मला बरं वाटलं. कुणी पुस्तक आणलं नव्हतं. थोडा वेळ गॅसचं, बँकेचं, तुमच्या पेन्शनच्या कागदांचं बोलून झालं.

मग फ्रान्सिसकाकांनी घसा साफ केला. "आता सांगायला हरकत नसावी," ते म्हणाले. "नसीमनं मला शेवट सांगितला होता. बुधवारी एकदा. कुणाला सांगू नको म्हणाली होती."

मी चमकले. "मलाही सांगितला होता."

सनानं कपड्यांची घडी घालता घालता वर पाहिलं. "मला पण."

काकांना ते ऐकूच गेलं नाही. ते सांगायला लागले होते. पूल झाला. नावेकडे कुणी फिरकेना. मग चंद्राक्कानं नाव पाण्याबाहेर ओढून काढली, आपल्या अंगणात नेली आणि पालथी घातली. तिच्यावर भोपळ्याचा वेल चढवला. बायका आता तिथे यायला लागल्या, पालथ्या नावेच्या सावलीत बसायला. पुलावरून लोक जायचे यायचे, त्यांना वरून ती हिरवी नाव दिसायची. "कुठं गेली नाही ती," काका म्हणाले. "तिथंच राहिली. तिचं घर तिथंच होतं." वसईचं त्यांचं घर बंद आहे, अंगणात काकूंनी लावलेला वेल वाळून गेला, हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं. काका चष्मा काढून पुसत राहिले, आणि पुसूनही पुन्हा घालेनात.

मी सनाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या हातात तुमचा दुपट्टा अर्धा घडी केलेला होता.

"तुमचा हाच?" तिनं अगदी हळू विचारलं.

"नाही. वेगळाच. तुझा?"

"माझा पण वेगळा."

काकांनी डोकं वर केलं. "म्हणजे काय? मला खोटा सांगितला?"

"नाही हो काका," सना म्हणाली, आणि उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "तुमचा तुम्हाला सांगितला."

तुमचा हात अंधारात चाचपत माझ्या हातापर्यंत कसा आला होता, ते मला आठवलं. तुम्हाला आमचे चेहरे दिसत नव्हते, ताई. तरी कुणाला काय सांगायचं ते तुम्हाला कळत होतं. मी नोकरीत राहिले ते त्या बाकावर ऐकलेल्या गोष्टीमुळे, हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. आता बोलते. आणि तरीही सांगते, तुम्ही लिहायला हवं होतं. एकाहून जास्त शेवट असलेलं पुस्तक छापता येत नाही असं कुठल्या कायद्यात आहे? बघा, मी अजून भांडतेच आहे, आणि तुमच्याकडून उत्तर नाही, हेच मला सोसत नाही.

"तुम्ही सांगणार तुमचा?" सनानं विचारलं.

मी मान हलवली. इथेही लिहीत नाही.

"मी पण नाही," ती म्हणाली. "माझ्या शेवटात एक मुलगी आहे. बस, एवढंच सांगते."

तेवढ्यात दार ढकलून पिल्लई आंटी आल्या. हातात झाकलेलं ताट, सनासाठी इडल्या. त्या रोज काहीतरी घेऊन येतात. आम्हा तिघांचे ओले चेहरे पाहून त्या दारातच थबकल्या. काकांनी हिंदीत काहीतरी समजावलं, की नसीमची ती नाववाली गोष्ट, तिचा शेवट, वगैरे.

"नाव वाली?" आंटींचा चेहरा उजळला. "वो तो मुझे भी सुनाई थी, छत पर कपड़े सुखाते हुए. लास्ट में वो चंद्राक्का पता है क्या करती है?"

"नको!" आम्ही तिघं एकदम ओरडलो. मराठीत.

आंटी ताट हातात घेऊन आमच्याकडे बघत राहिल्या. मग जरा दुखावल्या स्वरात म्हणाल्या, "क्यों? इतना अच्छा तो एंड है!"